अंग, अंगी आणि विस्तार : विस्तारित चित्रपट-आवृत्तीविषयीच्या प्रेक्षकमतांची मीमांसा

१

एकाच कलाकृतीच्या एकाहून अधिक संहिता प्रचलित असल्या तर समीक्षेने कोणत्या संहितेविषयी बोलावयाचे, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाला नवा नाही. एकनाथांनी इ.स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती प्रक्षेप आणि पाठभेद यांच्या जाणिवेतूनच. नामदेवांच्या नावावरील अभंगांची गाथा शतकानुशतके वाढत गेली आणि ‘मूळ’ नामदेव कोणते, हा वाद आजही मिटलेला नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तेव्हा गळलेल्या श्लोकांबद्दल हळहळणारे वाचक होते आणि संहिता नितळ झाली म्हणून समाधान मानणारेही होते. या तिन्ही उदाहरणांत संहिता वाढली किंवा आटली ती कर्त्याच्या मागे, परंपरेच्या किंवा संपादकाच्या हातून.

चित्रपटाच्या क्षेत्रात गेल्या काही दशकांत वेगळी परिस्थिती निर्माण झाली. चित्रपटगृहात दाखविलेली कृती पूर्ण झालेली असतानाच तोच दिग्दर्शक घरी पाहण्यासाठी तिची दीर्घतर आवृत्ती काढतो. दोन्ही संहिता अधिकृत असतात, दोन्हींवर एकाच कर्त्याची मोहर असते आणि कोणती खरी मानावयाची याचा निवाडा प्रेक्षकाकडे सोपविलेला असतो. प्रेक्षक तो निवाडा करतातही, मोठ्या हिरिरीने करतात. या निवाड्यांना आपण ‘आवडनिवड’ म्हणून बाजूला सारतो. त्यांत काव्यशास्त्रीय आशय आहे काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मला असे दिसते की, वरवर लांबीविषयी वाटणारा हा मतभेद वस्तुतः कृतीतील अंगी कोणता, या प्रश्नावरील मतभेद असतो, आणि अद्भुतकथेच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर इतर कथाप्रकारांइतके सरळ देता येत नाही.

२

विवेचनासाठी पीटर जॅक्सन दिग्दर्शित ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही चित्रपटत्रयी घेतली आहे. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर आधारलेले हे तीन चित्रपट २००१, २००२ आणि २००३ या वर्षांच्या अखेरीस चित्रपटगृहांत आले. त्यांच्या विस्तारित आवृत्त्या अनुक्रमे २००२, २००३ आणि २००४ मध्ये डीव्हीडीवर निघाल्या. पहिल्या भागात सुमारे ३० मिनिटांची, दुसऱ्यात ४० हून अधिक मिनिटांची आणि तिसऱ्यात सुमारे ५० मिनिटांची भर पडली. ही भर म्हणजे गाळलेल्या दृश्यांची पुरवणी नव्हती. चित्रपट नव्याने संकलित झाला आणि वाढीव प्रसंगांसाठी हॉवर्ड शोअर यांनी पार्श्वसंगीतही नव्याने रचले. म्हणून या दोन आवृत्त्यांना एका संहितेचे दोन पाठ म्हणणे अधिक युक्त ठरेल.

या पाठांविषयीची प्रेक्षकमते ढोबळमानाने तीन गटांत पडतात. पहिला गट विस्तारित आवृत्तीलाच खरी कृती मानतो. त्याच्या दृष्टीने चित्रपटगृहातील आवृत्ती हा व्यवहाराच्या सोयीसाठी केलेला संक्षेप होय. दुसरा गट चित्रपटगृहातील आवृत्तीची गती आणि घट्ट वीण श्रेष्ठ मानतो आणि वाढीव भागास चाहत्यांसाठी केलेला उपचार समजतो. तिसऱ्या गटाचे मत सल्ल्याच्या रूपात येते : प्रथम पाहणाऱ्याने लहान आवृत्ती पाहावी, दुसऱ्यांदा पाहताना मोठी. या तिसऱ्या मताकडे तडजोड म्हणून पाहिले जाते. पण तिन्हींत तेच सर्वाधिक विचारार्ह आहे, हे पुढे दिसेल.

पहिल्या गटाच्या एका गृहीताची झाडाझडती आरंभीच घेतली पाहिजे. ‘विस्तारित म्हणजे पूर्ण, आणि पूर्ण म्हणजे मूळ ग्रंथाच्या अधिक जवळ’ असे हे गृहीत आहे. ते टिकत नाही. टॉम बॉम्बाडिल हे कादंबरीतील पात्र दोन्ही आवृत्त्यांत नाही. युद्धानंतर घरी परतलेल्या हॉबिटांना आपलीच भूमी उद्ध्वस्त झालेली दिसते आणि तेथे सारुमानचा अंत होतो, हा कादंबरीचा महत्त्वाचा उपसंहारही दोन्हींत नाही. विस्तारित आवृत्तीत सारुमानचा मृत्यू दाखविला आहे, पण तो आयसेनगार्डच्या मनोऱ्यावर, म्हणजे ग्रंथाहून सर्वस्वी वेगळ्या स्थळी आणि वेगळ्या क्षणी. भर घातल्याने संहिता ग्रंथाजवळ जातेच असे नव्हे. येथे तर ती ग्रंथापासून आणखी दूर गेली आहे. तेव्हा ‘पूर्णता’ हा निकष सोडून देऊन भर घातल्यामुळे कृतीतील घटकांचे परस्परसंबंध कसे बदलतात, हे पाहणे आवश्यक ठरते.

३

असे पाहण्यासाठी लागणारी परिभाषा आपल्या काव्यशास्त्रात तयार आहे. रसदोषांची चर्चा करताना मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त अकांडी प्रथन आणि अकांडी छेद असे दोन दोष सांगितले आहेत, म्हणजे अवेळी केलेला विस्तार आणि अवेळी केलेला खंड. त्यांच्याच जोडीला अंगाचा अतिविस्तार आणि अंगीचे अननुसंधान, म्हणजे प्रधानाचा विसर, हेही दोष त्याने नोंदविले आहेत. या विवेचनाची पूर्वपीठिका आनंदवर्धनाच्या ‘ध्वन्यालोका’त आहे. विस्तार हा स्वतः गुण नाही आणि दोषही नाही, त्याची वेळ आणि त्याचे प्रधानाशी असलेले नाते निर्णायक असते, ही या चर्चेतील मर्मदृष्टी होय. विस्तारित आवृत्तीविषयी प्रेक्षक बोलतात तेव्हा ही नावे त्यांना ठाऊक नसतात, पण ते बोलतात ते नेमके या चार दोषांविषयी. चार-पाच स्थळे तपासली म्हणजे हे स्पष्ट होईल.

चित्रपटगृहातील तिसऱ्या भागात सारुमान दिसतच नाही. पहिल्या दोन भागांत ज्याने एवढे अनर्थ घडविले त्याला मनोऱ्यात कोंडून ठेवल्याचे एका वाक्यात सांगून कथा पुढे सरकते. अनेक प्रेक्षकांना हे खटकले. अकांडी छेदाची ही अस्सल तक्रार आहे. वोल्फगांग इझर यांच्या सिद्धान्ताचा आधार घेऊन येथे कोणी म्हणेल की, ही वाचकाने भरावयाची रिक्त जागा आहे. पण रिक्त जागा वाचकाला कामाला लावते. येथे भरण्याजोगे सूत्रच हाती दिलेले नाही, म्हणून ती जागा नुसती पोकळी राहते. विस्तारित आवृत्तीत हा प्रसंग आला आणि ही पोकळी बुजली. मात्र तो आला तो तिसऱ्या भागाच्या आरंभी, जेथे कथेने नव्या संकटाकडे वळावयास हवे. दुसऱ्या भागाचा शेष तिसऱ्याच्या उंबरठ्यावर आला. म्हणून प्रसंगाचे स्वागत करणारा प्रेक्षकही त्याच्या जागेविषयी कुरकुरतो. एका दोषाचे निवारण करताना दुसरा उद्भवला, हे त्याने अचूक ओळखले आहे.

दुसरे स्थळ अकांडी प्रथनाचे आहे. मिनास तिरिथच्या युद्धात काळ्या शिडांची जहाजे किनाऱ्याला लागतात; ती शत्रूची कुमक आहे असे वाटत असतानाच त्यांतून अॅरागॉर्न मृतांच्या सैन्यासह उतरतो. चित्रपटगृहातील आवृत्तीत हा आशानिराशेचा उलटफेर प्रभावी ठरतो. विस्तारित आवृत्तीत मृतांच्या राजाने मदत करण्याचे कबूल केल्याचे आणि जहाजे ताब्यात घेतल्याचे प्रसंग आधीच दाखविले आहेत. माहिती वाढली आणि अद्भुताचा क्षण आटला. बा. सी. मर्ढेकरांनी लयतत्त्वाच्या विवेचनात संवाद, विरोध आणि समतोल यांचा जो विचार केला आहे त्याच्या भाषेत सांगावयाचे तर, येथे विरोधाचा घटक दुबळा झाल्याने समतोलही सैल पडला आहे.

या उलट, दुसऱ्या भागातील फारामिरच्या आठवणीचा प्रसंग पाहावा. मुद्रिका हाती लागताच फारामिर ती राजधानीला नेऊ पाहतो. कादंबरीत तो मोहाला सहज दूर सारतो. त्यामुळे ग्रंथाच्या वाचकांना चित्रपटातील हा बदल व्यक्तिरेखेवरील अन्याय वाटला. विस्तारित आवृत्तीत ऑस्गिलिआथच्या विजयाचा पूर्वप्रसंग येतो : बोरोमिर आणि फारामिर हे भाऊ आनंदात आहेत, आणि पिता डेनेथॉर थोरल्यावर माया ओततो, धाकट्याला तुच्छ लेखतो. अवघ्या काही मिनिटांच्या या भरीने तीन गोष्टी साधल्या. फारामिरचा मोह सत्तेचा न राहता पित्याच्या एका शब्दाचा झाला. पहिल्या भागात मुद्रिकेसाठी घसरलेल्या बोरोमिरच्या पतनामागे पित्याची आज्ञा दिसू लागली. आणि तिसऱ्या भागात डेनेथॉर फारामिरला मरणाच्या तोंडी पाठवितो त्या प्रसंगाला पूर्वपीठिका मिळाली. ज्या भरीमुळे आधीचे आणि नंतरचे प्रसंग नव्याने वाचावे लागतात ती भर उरत नाही, ती घटक होते. एरवी लहान आवृत्तीच्या बाजूने बोलणारे प्रेक्षकही या प्रसंगाची तरफदारी करतात, ते यामुळेच.

चौथे स्थळ अधिक सूक्ष्म आहे. अखेरच्या लढाईआधी अॅरागॉर्न फ्रोडोचे नाव घेऊन शत्रूवर चालून जातो. विस्तारित आवृत्तीत त्याआधी सॉरॉनचा दूत येतो, फ्रोडोचे चिलखत पुढे टाकतो आणि तो हाल होऊन मेला असे सूचित करतो. त्यानंतरचे अॅरागॉर्नचे शब्द तेच, चेहरा तोच. अर्थ मात्र बदललेला. लहान आवृत्तीत ते शब्द मित्राला अवधी मिळवून देण्याचा निर्धार आहेत. मोठ्या आवृत्तीत ते मृत मानलेल्या मित्राचे तर्पण होऊ शकतात. चित्रपटात अर्थ चौकटीत नसून चौकटींच्या क्रमात असतो, या सिद्धान्ताचे इतके स्वच्छ उदाहरण वर्गात शिकविण्यासाठी शोधूनही मिळणार नाही.

परंतु याच प्रसंगात अॅरागॉर्न त्या दूताचा शिरच्छेद करतो, आणि प्रेक्षकांची मते येथे तीव्रतेने दुभंगतात. कादंबरीत दूताचा वध नाही. त्याला परत जाऊ दिले आहे. भारतीय प्रेक्षकाला यासाठी टॉल्किनचा आधार घेण्याचीही गरज नाही. रावणाच्या सभेत हनुमंताच्या वधाची आज्ञा होते तेव्हा दूत अवध्य असतो हे बिभीषणाने सांगितलेले त्याने लहानपणापासून ऐकलेले असते. जो मर्यादा रावणाच्या दरबारातही स्मरली गेली ती धर्मनिष्ठ राजाने मोडावी, हे अनौचित्य होय. आणि औचित्यभंगासारखे रसभंगाचे कारण नाही, हा आनंदवर्धनाचा निर्णय येथे जसाच्या तसा लागू पडतो. लांबीचा येथे प्रश्नच उद्भवत नाही.

४

आता अंगी कोणता, या मुख्य प्रश्नाकडे वळू. वरील परीक्षणात मुद्रिकेच्या नाशाचा प्रवास हा प्रधान धरला होता. ज्या प्रेक्षकाला तो प्रधान वाटतो त्याला गॅलाड्रिएलने सर्व सहचरांना दिलेल्या भेटींचा सविस्तर प्रसंग, किंवा तिसऱ्या भागातील लेगोलस आणि गिम्ली यांची मद्यपानाची पैज हे अंगाचे अतिविस्तार वाटणे स्वाभाविक आहे. पण याच प्रसंगांना जपणारा प्रेक्षक अडाणी नाही. त्याच्या लेखी कथाविश्व हेच अंगी आहे, मुद्रिकेची कथा हा त्या विश्वात शिरण्याचा मार्ग आहे. गिम्ली एका केसाची याचना करतो आणि त्याला तीन मिळतात, या तपशिलाने मुद्रिकेचा प्रवास तसूभरही पुढे जात नाही. परंतु दोन वंशांतील जुने वैर कसे विरघळले हे त्यातून दिसते, आणि ते त्या विश्वाच्या इतिहासात महत्त्वाचे आहे.

पहिल्या भागाच्या आरंभातील फरक याच संदर्भात पाहण्यासारखा आहे. गॅलाड्रिएलच्या आवाजातील इतिहासकथनानंतर लहान आवृत्ती फ्रोडो आणि गॅन्डाल्फ यांच्या भेटीकडे वळते. मोठी आवृत्ती मध्येच नकाशा आणि लिहीत बसलेला बिल्बो दाखविते. हॉबिटांच्या जीवनाविषयी तो ग्रंथ लिहीत आहे. म्हणजे एका कृतीला दोन निवेदक मिळाले : एक युगांचा इतिहास सांगणारी, दुसरा आपल्या गावची बखर लिहिणारा. ही भर केवळ रम्य नाही. आपण जे पाहत आहोत ते कोणीतरी लिहून ठेवलेले आहे, ही जाणीव तीतून निर्माण होते आणि कथाविश्व कथेहून मोठे आहे असा प्रत्यय येतो.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) सौंदर्यविचाराच्या लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांची मांडणी केली आहे. प्रेक्षकांचे पहिले दोन गट जणू या ध्रुवांकडे ओढले गेलेले आहेत. एक कृतीच्या स्वायत्त, बंदिस्त आकृतिबंधाकडे पाहतो. दुसरा त्या विश्वात राहू इच्छितो, तेथील माणसांना ओळखीच्या माणसांप्रमाणे भेटू इच्छितो आणि निरोपाची वेळ लांबवू पाहतो. अद्भुतकथेचे वैशिष्ट्य असे की, या दोन्ही अपेक्षा ती एकाच वेळी जागविते. सामाजिक कादंबरीचे जग वाचकाला कृतीबाहेरही उपलब्ध असते. अद्भुतकथेचे जग कृतीतच असते, ती संपली की तेही संपते. ‘आणखी’ची मागणी याच प्रकारात इतकी आर्त का होते, याचे कारण मला येथे दिसते.

५

ऐकणाऱ्याला कथा आधीच ठाऊक असते आणि तरीही तो तिचा विस्तार मागतो, या स्थितीचा सर्वांत जुना अनुभव आपल्याकडे आख्यानपरंपरेला आहे. हिंगोली जिल्ह्याचेच उदाहरण घेता येईल. या जिल्ह्यातील नरसी हे परंपरेने नामदेवांचे जन्मगाव मानले जाते, आणि औंढ्याच्या नागनाथ मंदिराशी देऊळ फिरल्याची कथा जोडलेली आहे. श्रद्धेची कथा आणि करमणुकीसाठी निर्मिलेली अद्भुतकथा एका तागडीत घालण्याचा येथे हेतू नाही. विस्ताराची प्रक्रिया तेवढी पाहावयाची आहे.

गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. त्यांपैकी भैरव आणि मलार रागांतील पदांत ही घटना येते. तेथे गावाचे नाव नाही, पुजाऱ्यांची नावे नाहीत. हीन जातीचा म्हणून भजन करणाऱ्याला उठवून लावले, तो कांबळे उचलून देवळामागे जाऊन बसला, आणि देऊळ त्याच्याकडे वळले, एवढेच आहे. तीर्थावळीच्या परंपरेतून आणि पुढे महिपतींच्या ‘भक्तविजया’तून (१७६२) ही घटना प्रदीर्घ तीर्थयात्रेच्या आख्यानाचा भाग झाली, तिला स्थळ मिळाले, संवाद मिळाले. कीर्तनकार तीत आणखी भर घालतात, आणि स्थानिक सांगण्यात देवळामागच्या नंदीचीही उपपत्ती याच कथेने लावली जाते. पदापासून कीर्तनापर्यंतचा हा प्रवास म्हणजे एका कथेच्या अनेक विस्तारित आवृत्त्याच होत.

औंढ्याच्या कीर्तनात बसलेल्या श्रोत्याला देऊळ फिरणार हे माहीत असते. विस्तार त्याला नवे काही कळविण्यासाठी नसतो, माहीत असलेल्या क्षणाजवळ रेंगाळण्यासाठी असतो. प्रेक्षकांच्या तिसऱ्या गटाचा सल्ला म्हणूनच अर्थपूर्ण आहे. प्रथम लहान आवृत्ती, मग मोठी, याचा अर्थ असा की, विस्तारित आवृत्ती ही पुनर्वाचनाची संहिता आहे. जहाजांतून कोण उतरणार हे ज्याला ठाऊकच आहे त्याच्यासाठी आधीचा प्रसंग अकांडी प्रथन ठरत नाही. दोष संहितेत असतो तितकाच तो संहिता आणि श्रोता यांच्या नात्यातही असतो.

परंतु कीर्तन आणि विस्तारित आवृत्ती यांत दोन मूलभूत भेद आहेत. कीर्तनकार उत्तररंगात कितीही दूर गेला तरी त्याला अखेरीस मूळ पदावर यावेच लागते. अंगीचे अनुसंधान सुटणार नाही याची व्यवस्था त्या रूपबंधातच आहे. विस्तारित आवृत्तीत अशी व्यवस्था नाही. ती दिग्दर्शकाच्या विवेकावर सोपविलेली आहे, आणि तो विवेक फारामिरच्या प्रसंगात दिसतो तसा सर्वत्र दिसत नाही. दुसरा भेद श्रोत्याच्या स्थानाचा. कीर्तनात विस्तार समोरच्या समुदायाच्या साक्षीने घडतो. तो रंगला की वाढतो, कंटाळला की आटोपतो. घरच्या पडद्यावरील विस्तार आधीच गोठविलेला असतो. प्रेक्षकाला तो थांबविता येतो, मागे नेता येतो, पण वाढविता किंवा आटविता येत नाही. त्याची मते इतकी आग्रही का होतात, याचे उत्तर कदाचित येथे सापडेल. कथनात सहभागी होण्याचा जो वाटा श्रोता म्हणून त्याच्याकडे होता तो आता केवळ मत देण्यापुरता उरला आहे.

६

या आवृत्त्यांमागे बाजार आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. एकच चित्रपट आधी लहान, मग मोठा, मग अधिक स्वच्छ प्रतीत असा पुनःपुन्हा विकला जातो. प्रत्येक नवी आवृत्ती आधीच्या आवृत्तीत काहीतरी उणे होते असे प्रेक्षकाला पटवूनच विकली जाऊ शकते. ‘पूर्ण’ या शब्दाविषयीचा संशय म्हणूनही आवश्यक आहे. मात्र मराठवाड्यासारख्या भागात या शब्दाला आणखी एक संदर्भ आहे. जत्रेतल्या तंबूत किंवा तालुक्याच्या चित्रपटगृहात झिजलेल्या, तुटून जोडलेल्या रिळांवर चित्रपट पाहणाऱ्या पिढ्यांनी संक्षिप्त आवृत्त्याच पाहिल्या. तो संक्षेप कोणत्याही कलात्मक निर्णयाचा परिणाम नव्हता. अशा प्रेक्षकाच्या घरात मोठी आवृत्ती आली तर त्याच्या ‘आणखी’च्या ओढीला निव्वळ उपभोगाची हाव म्हणून चालणार नाही.

प्रेक्षकमते ही समीक्षा नव्हे, हे खरेच. ती निकष स्पष्ट करीत नाहीत, आपल्या गृहीतांकडे वळून पाहत नाहीत. परंतु दोन पाठ समोर ठेवणे, प्रसंगाची जागा तपासणे, भरीमुळे मागचे-पुढचे कसे बदलले हे सांगणे, ही पाठचिकित्सेची प्राथमिक कामे विद्यापीठाबाहेरचा प्रेक्षक आज स्वखुशीने करीत आहे. हीच कामे आपण पदव्युत्तर वर्गात ज्ञानेश्वरी आणि नामदेव गाथा यांच्या निमित्ताने शिकवितो, आणि विद्यार्थ्यांना ती रुक्ष वाटतात. घरी ज्या गोष्टीवर तो हमरीतुमरीवर येतो तिलाच वर्गात पाठभेद म्हणतात, हे विद्यार्थ्याला दाखवून देणे शिक्षकाला अवघड नाही. त्यासाठी मम्मटाची परिभाषा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतून बाहेर काढून चालू कलाव्यवहारावर वापरावी लागेल, आणि ती कोठे अपुरी पडते तेही सांगावे लागेल. अद्भुतकथेत कथाविश्व अंगी होऊ शकते काय, हा प्रश्न तिला अपुरा पाडणारा आहे. रस हाच अंगी मानणाऱ्या शास्त्राला विश्वनिर्मितीचे प्राधान्य सहजी मान्य होणार नाही. या प्रश्नाचा विचार आता चित्रपटाइतकाच मराठीतील अद्भुत आणि भयकथांच्या संदर्भातही झाला पाहिजे.